खुर्द्याचा हिशेब

पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांच्या हाती आली ती एका सावकारी पत्रातून. जानेवारी १७६१ च्या अखेरीस पेशवे भेलशाच्या मुक्कामी होते. उत्तरेकडून दक्षिणेस निघालेल्या एका सावकाराच्या कासिदाजवळचे पत्र तेथे उघडण्यात आले. पत्राची भाषा सराफकट्ट्यावरची होती. दोन मोती गेल्याचे त्यात कळवले होते, सत्तावीस मोहरा बुडाल्याचे कळवले होते. रुपये आणि खुर्दा किती गेला, याची बेरीज मात्र लिहिणाऱ्याला करता आली नव्हती. मोती म्हणजे भाऊसाहेब आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नामांकित सरदार, हे वाचणाऱ्यास तत्क्षणी उमगले. खुर्दा म्हणजे कोण, हे सांगावयाची गरज पडली नाही, आणि पुढेही कोणी ते फारसे विचारले नाही.

मोत्यांचा आणि मोहरांचा हिशेब आपल्या इतिहासकारांनी अडीचशेहून अधिक वर्षे चोख ठेवला आहे. कोणता सरदार कोणत्या बाजूला उभा होता, कोण कोठे पडला, कोण केव्हा मागे फिरला, यावर ग्रंथच्या ग्रंथ झाले. खुर्द्याचा रकाना मात्र त्या सावकाराने जसा कोरा ठेवला तसाच राहिला. त्या खुर्द्यात सामान्य शिपाई होते, आणि त्यांच्याही मागे चालणारी, न लढणारी, पण जिच्यावाचून लढणे अशक्य अशी फार मोठी मंडळी होती. ही मंडळी आम्हांला दूरची वाटत नाही. माळव्यात स्थायिक झालेल्या आपणा मराठी कुटुंबांचा बहुतांश उगम तिच्यातच आहे, असे आमचे मत आहे, आणि ते येथे सविस्तर मांडावयाचे आहे.

आजच्या काळातील एका उदाहरणाने मुद्दा लवकर ध्यानात येईल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटरची एक सायकल शर्यत दरवर्षी होते. ती आठवड्याभराहून अधिक काळ रात्रंदिवस चालते. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली ही शर्यत दोघांच्या संघाने पुरी केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत पार केली. वर्तमानपत्रांत त्यांची छायाचित्रे झळकली, आणि ती झळकावयास हवीच होती. परंतु या शर्यतीत मदतनिसांच्या पथकाशिवाय स्पर्धकाला उतरताच येत नाही. रात्री स्वाराच्या पाठीशी मोटार चालवून त्याला उजेड पुरवणारा, नकाशा वाचणारा, चाकाची नळी बदलणारा, किती तासांनी किती पाणी आणि किती मीठ पोटात गेले याची वही ठेवणारा, आणि डोळा लागलेल्या स्वाराला नेमक्या वेळी हलवून उठवणारा, असे हे पथक असते. पुढचा दमतो तेव्हा मागच्याने जागे असावे लागते. वर्तमानपत्रात मागच्याचे नाव क्वचितच येते.

अशा पथकावाचूनही माणसे निघाली नाहीत, असे नाही. १९२३ साली मुंबईचे काही पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ साली प्रदक्षिणा पुरी करून परतले. त्यांच्यामागे मोटार नव्हती. जे काही होते ते सायकलीलाच बांधलेले होते. पण त्यांनाही वाटेवरच्या गावांनी पाणी दिले, छप्पर दिले. पाठीशी पथक नसले म्हणजे त्याचा भार वाटेवरच्या गावांवर पडतो. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती वेगळ्याच रूपात भेटणार आहे.

आता सायकलीच्या जागी घोडा घ्यावा, आणि एका स्वाराच्या जागी वीस-पंचवीस हजार. पुण्याहून निघून नर्मदा उतरावयाची, माळवा ओलांडावयाचा, चंबळ गाठावयाची, आणि पावसाळ्यापूर्वी परत फिरावयाचे किंवा तिकडेच छावणी करावयाची. या लांब पल्ल्यात घोड्याला रोज दाणा आणि वैरण लागते, तीन-चार आठवड्यांनी नवा नाल लागतो, माणसाला पीठ, मीठ, तेल, पाणी आणि पगार लागतो. हे सर्व कोणीतरी आधी ठरवावे लागते, मोजावे लागते, वाहून न्यावे लागते.

मुक्काम ठरला की फरासखाना पुढे जाई आणि राहुट्या, डेरे, कनाती उभ्या करी. बेलदार घाटातील वाट फोडीत, नदीचे उतार पाडीत. पखालजी बैलाच्या पाठीवर पखाली लादून पाणी आणीत. नालबंद, सारवान, महात, मोतद्दार जनावरांपाशी राबत. कहीवाले आसपासच्या मुलखातून वैरण आणि सरपण गोळा करीत. वाण्या-बकालांचा बाजार स्वारीबरोबर चाले, आणि भाव चढू न देण्याची जबाबदारी बाजाराच्या चौधऱ्यावर असे. आचारी, वैद्य, शिंपी, भटभिक्षुक असत. कासीद, जासूद आणि सांडणीस्वार पत्रे नेत. आणि या साऱ्यांचा लेखाजोखा ठेवणारे कारकून कानाला बोरू लावून मागून येत.

या सर्वांहून महत्त्वाचे होते वंजाऱ्यांचे तांडे. धान्य आणि मीठ बैलांवर लादून ते मुलूखभर फिरत. सतराव्या शतकात ताव्हर्निये या फ्रेंच प्रवाशाने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. लढाई कोणाचीही असो, तांड्यावर सहसा कोणी हात टाकीत नसे. आज शत्रूच्या गोटात धान्य उतरवणारा तांडा उद्या आपल्याही गोटात यावयाचा असतो, एवढे व्यवहारज्ञान सर्वच फौजांना होते.

आपल्या भाषेने मात्र या माणसांना न्याय दिलेला नाही. 'बाजारबुणगे' हा शब्द आपण निरुपयोगी गर्दीसाठी वापरतो. 'खोगीरभरती' हाही तसाच. दोन्ही शब्द लष्करी तळावरून घरात आले, आणि येताना हेटाळणी घेऊन आले. पण खोगिरात भरती नसेल तर चार कोसांत घोड्याची पाठ सोलवटते आणि स्वार पायउतार होतो. स्वाराला हे ठाऊक होते; शब्द वापरणाऱ्या पुढच्या पिढ्या ते विसरल्या.

शिवछत्रपतींना या मागच्या बाजूचे मोल पुरेपूर ठाऊक होते. राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना पाठवलेले त्यांचे आज्ञापत्र प्रसिद्ध आहे. त्यात शौर्याची भाषा नाही. आहे ती दाणा-वैरणीची. साठवलेली वैरण पावसाळा सरेपर्यंत पुरवून खावी, आताच उधळली तर पुढे घोडी उपाशी मरतील, मग लोक कुणब्यांच्या घरी दाणे, भाजी, गवत मागत फिरतील आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील, असा त्याचा आशय. रात्री दिवा तसाच जळत ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात बजावले आहे. राज्यकर्ता उंदराने ओढलेल्या वातीपर्यंत विचार करतो, तेव्हाच त्याचे घोडदळ आषाढ-श्रावण ओलांडून दसऱ्याला सीमोल्लंघन करू शकते.

थोरल्या बाजीरावांची स्वारी वेगासाठी वाखाणली जाते. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेडला निजामाचा कोंडमारा झाला, त्याचे कारण हेच की, हलक्या मराठी घोडदळाने त्याला त्याच्या अवजड तोफखान्यापासून, पाण्यापासून आणि दाण्यापासून तोडले. १७३७ च्या मार्चमध्ये जड बुणगे बुंदेलखंडात ठेवून बाजीराव अचानक दिल्लीच्या वेशीपाशी प्रकटले. यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, बाजीरावांना मागच्या बाजूची गरजच नव्हती. वस्तुस्थिती उलट आहे. बुणगे कोठे ठेवावयाचे, कोणाच्या भरवशावर ठेवावयाचे आणि परतताना ते कोठे गाठावयाचे, हे आधी ठरले असेल तरच अशी धाव घेता येते. शिवाय प्रत्येक धावेमागे कर्ज होते. सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाचे कातडे झिजावयाची वेळ आली, अशा आशयाचे गाऱ्हाणे या विजयी पेशव्याने ब्रह्मेंद्रस्वामींपाशी मांडले होते. स्वारी घोड्यावर बसून चाले, पण उभी राही सावकाराच्या पेढीवर.

येथे सराफाचा संबंध येतो. रोकड बैलांवर लादून पुण्याहून उत्तरेत न्यावयाची किंवा उत्तरेची खंडणी रोख दक्षिणेत आणावयाची, हे दोन्ही धोक्याचे. म्हणून उज्जैनीच्या पेढीवर रक्कम भरावी आणि तिची हुंडी पुण्याच्या पेढीवर वटवावी, अशी रीत होती. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटे, मुदती हुंडी ठरल्या दिवसांनी. त्यावर हुंडणावळ द्यावी लागे, आणि वाट जितकी अशांत तितकी हुंडणावळ चढे. त्यात दर टांकसाळीचा रुपया निराळ्या वजनाचा आणि निराळ्या कसाचा. दक्षिणेतला रुपया माळव्यात चालवावयाचा तर बट्टा बसे. होळकरांचा हाली रुपया परमुलखात नेला तरी बट्टा बसे. शिपायाचा पगार ज्या नाण्यात ठरला आणि तळावरच्या वाण्याने पीठ ज्या नाण्यात विकले, त्या दोहोंमधले अंतर सराफ भरून काढी, आणि त्याचे मोल अर्थातच वसूल करी. लढाईत रक्त सांडत असता कोणी बट्ट्याचे गणित मांडीत बसावे, हे आज खटकते खरे. पण ते गणित कोणी मांडले नसते, तर पीठच मिळाले नसते.

याचा पुरावा पानिपतच. १७६० साली भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायकामुले होती, यात्रेकरू होते, जड तोफा होत्या. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट यांचा सल्ला असा होता की, बुणगे आणि जड सामान चंबळेच्या अलीकडे किंवा जाटांच्या किल्ल्यांत सुरक्षित ठेवावे आणि सड्या फौजेने पुढे जाऊन शत्रूची रसद तोडावी. हा सल्ला मानला गेला नाही. मल्हाररावांचे पानिपतावरचे वर्तन वादग्रस्त आहे आणि राहील. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. पण हा सल्ला भ्याडाचा नव्हता, बुणग्यांची जबाबदारी जाणणाऱ्या जुन्या स्वाराचा होता, एवढे म्हणावयास प्रत्यवाय नसावा.

दिल्लीत पैशाची तंगी इतकी झाली की, दिवाण-ए-खासचे रुपेरी छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. सुमारे ९ लाख निघाले, आणि ते पाहता पाहता संपले. ऑक्टोबरात कुंजपुरा जिंकून शत्रूचा धान्यसाठा हाती लागला, तोही पुरला नाही. पुढे अब्दाली यमुना उतरून फौजेच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. दुआबात राहून शत्रूची रसद मारण्याचे आणि आपल्याकडे धान्य-पैसा पोचवण्याचे काम गोविंदपंत बुंदेले करीत होते. हा मुळात वसुलीच्या कामातला माणूस. डिसेंबरात तो मारला गेला, आणि मराठी तळावर उपासमार सुरू झाली. दिल्लीहून पैसा घेऊन निघालेली एक तुकडी अंधारात वाट चुकून शत्रूच्याच छावणीत शिरली आणि कापली गेली. १४ जानेवारीला फौज बाहेर पडली ती बुणग्यांना मध्ये घेऊन लढत लढत दिल्लीकडे सरकण्यासाठी. लढाई त्या दिवशी दुपारी हरली. रसद त्याआधी महिनाभर हरली होती. आणि पळापळीत जे वाचले, त्यांपैकी पुष्कळांना अन्न, वस्त्र, निवारा दिला तो सूरजमल जाटाने, म्हणजे ज्याचा सल्ला मानला गेला नव्हता त्याने.

या धड्याचा सर्वांत चांगला उपयोग कोणी केला असेल, तर तो मल्हाररावांच्या घरात, आणि तोही त्यांच्या सुनेने. १७६५ साली मल्हाररावांनी अहिल्याबाईंना पाठवलेल्या एका पत्राकडे आम्ही वाचकांचे मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना तेथे ठेवून दारूगोळ्याची जमेल तितकी तजवीज करावी, तोफखान्याच्या महिनाभराच्या खर्चाची सोय लावूनच पुढे निघावे आणि वाटेच्या रक्षणासाठी चौक्या बसवाव्यात, असा त्याचा मतलब आहे. अहिल्याबाईंचे आपण जे चित्र पाहतो, ते हातात शिवलिंग घेतलेल्या साध्वीचे. ते खोटे नाही. पण या पत्रातील अहिल्याबाई फौजेची पिछाडी सांभाळणाऱ्या आहेत: दारूगोळा, महिन्याचा खर्च, रस्त्यावरची चौकी. सासऱ्याने सुनेवर सोपवलेले हे काम कोणा सरदारावर सोपवलेल्या मोहिमेपेक्षा हलके नव्हते.

पुढे १७६७ ते १७९५ या काळात महेश्वरच्या गादीवर बसून त्यांनी जे केले, ते याच शिस्तीचे मोठे रूप होते, असे आम्हांला वाटते. काशी, गया, सोमनाथ, ओंकारेश्वर येथील देवळे आणि घाट डोळ्यांत भरतात. परंतु त्यांच्या जोडीला वाटावाटांवर विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे, पाणपोया आहेत. फौजेला जे लागते तेच यात्रेकरूला लागते: पाणी, पीठ, छप्पर आणि निर्धोक वाट. लांब पल्ल्याने चालणाऱ्या माणसाच्या पाठीशी कोणीतरी उभे असावे लागते, हे जिने तोफखान्याच्या मागे राहून शिकले, तिने ती सोय साऱ्या हिंदुस्थानातल्या वाटसरूंना करून दिली. त्या खर्चासाठी खासगीची दौलत होती आणि तिचा हिशेब ठेवणारे कारकून होते. आपल्यापैकी काहींचे पूर्वज त्या बोरूवाल्यांत असतील.

पिछाडी तुटली की काय होते, हे माळव्याने इंग्रजांच्याही बाबतीत पाहिले. १८०४ च्या उन्हाळ्याअखेर कर्नल मॉन्सन मुकुंदरा घाट ओलांडून यशवंतराव होळकरांच्या मागावर माळव्यात उतरला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या ध्यानात आले की, तळावर दोन दिवसांपुरतेच धान्य उरले आहे आणि गुजराथेकडून यावयाची फौज मागे फिरली आहे. तो परतू लागला. पावसाने काळ्या मातीचा चिखल केला, तोफा रुतल्या, त्या निकामी करून टाकून द्याव्या लागल्या, कोट्याने शहरात आसरा दिला नाही. यशवंतरावांचे घोडदळ पाठीवर होतेच. ऑगस्टअखेर आग्र्यास पोचले ते फौजेचे अवशेष. ही होळकरांची मोठी कीर्ती. पण या विजयात यशवंतरावांच्या भाल्याइतकाच माळव्याच्या चिखलाचा आणि मॉन्सनच्या रिकाम्या कोठाराचाही वाटा होता.

येथवर आम्ही पिछाडीची बाजू मांडली. तिची दुसरी बाजू झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मागच्या माणसांना जोवर पगार मिळत होता, वाण्याला दाम मिळत होता, तोवर तळ हा चालता बाजार होता. खजिना आटला की तोच तळ रयतेवर कोसळे. कहीवाल्याने आणलेली वैरण कोणाच्या तरी शेतातलीच असे. शिंदे-होळकरांच्या फौजांमागे चालणाऱ्या पेंढाऱ्यांना नियमित पगार नव्हता. लूट हाच त्यांचा पगार. होळकरशाही आणि शिंदेशाही अशी त्यांची नावेही त्या त्या फौजेवरून पडली. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्यांनी माळव्याची जी दैना केली, ती विसरण्याजोगी नाही. मॅल्कमने १८२३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ओसाड गावांची वर्णने आहेत. ज्या स्वारीच्या पाठीशी हिशेब नसतो, तिचा भार वाटेवरची गावे उचलतात, आणि ती खुषीने उचलीत नाहीत. चिपळूणच्या आज्ञापत्रात जी भीती होती, ती दीडशे वर्षांनी माळव्यात खरी ठरली. म्हणून आम्ही हिशेबाला इतके महत्त्व देत आहोत. पिछाडीचा जमाखर्च चोख असणे, हा रयतेच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता.

१८१७ च्या डिसेंबरात महिदपूर झाले, १८१८ च्या जानेवारीत मंदसोरचा तह झाला, आणि होळकरांची राजधानी इंदूर ठरली. स्वाऱ्या थांबल्या. चालणारा तळ एका जागी बसला, आणि त्याचे शहर झाले. आपल्या शहराचा नकाशा पाहावा म्हणजे हे पटेल. पागनिसपागा, तोपखाना, हाथीपाला, बक्षीबाग, मल्हारपलटण! ही नावे छावणीच्या नकाशावरचीच आहेत. पागेचा जमाखर्च ठेवणारा पागनीस, फौजेचा पगार वाटणारा बक्षी, यांची नावे वस्त्यांना मिळाली. आणि राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर सराफा, त्याला लागून बजाजखाना, शक्करबाजार, बर्तनबाजार. पूर्वी सरदाराच्या डेऱ्यामागे जसा बाजार मांडला जाई, तसाच तो राजवाड्यामागे पक्क्या विटांत उभा राहिला.

आडनावेही हेच सांगतात. पोतनीस खजिन्याचा हिशेब पाही, पोतदार नाणे पारखी, सबनीस फौजेची हजेरी घेई, कारखानीस कोठ्या-कारखान्यांचे दप्तर ठेवी, जामदार वस्त्रे-जवाहीर सांभाळी, पारसनीस फारसी पत्रव्यवहार करी. फडणीस, चिटणीस, मुजुमदार, दफ्तरदार यांविषयी सांगावयास नकोच. मराठी मंडळींच्या मेळाव्यात अशी आडनावे एकामागून एक कानी पडतात. आणि तरीही घरोघरी गोष्ट सांगितली जाते ती अशी, की आमचे मूळ पुरुष मल्हाररावांबरोबर तलवार गाजवीत नर्मदा उतरले. काही घराण्यांच्या बाबतीत ती खरी आहे. पुष्कळांच्या बाबतीत अधिक खरी गोष्ट अशी असावी की, मूळ पुरुष दौतकलमदान घेऊन, पंचांग घेऊन, औषधांचा बटवा घेऊन किंवा मोठी पातेली बैलावर लादून नर्मदा उतरले. आणि त्यांच्यामागून, कधी वर्षा-दोन वर्षांनी, त्यांच्या बायका तान्ही मुले घेऊन तोच घाट चढल्या. यात उणेपणा मानावा असे आम्हांला काहीही दिसत नाही. तलवारीने मुलूख मिळतो. तो दीडशे वर्षे हाती राहतो तो बोरू, तराजू आणि पातेले यांच्या जोरावर.

पुढे लांब पल्ल्याच्या वाटेची रीतच बदलली. तुकोजीराव होळकर दुसरे यांनी १८७० च्या सुमारास इंग्रज सरकारला एक कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले आणि खंडव्याहून इंदुरापर्यंत रुळ आले. ज्या घाटातून बैलांचे तांडे धान्य चढवीत होते, त्याच डोंगरातून मालगाडी जाऊ लागली. वंजाऱ्याचा बैल, सांडणीस्वार, कासीद यांचे काम संपले. सराफ मात्र टिकला. हुंडी अफूच्या व्यापारात गेली, कापसात गेली, आणि हळूहळू बँकेच्या धनादेशात विरून गेली.

आज सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची दुकाने चालतात, आणि रात्री तीच दुकाने बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर खाण्याचा बाजार भरतो. भुट्ट्याचा कीस, गराडू, जिलबी, आणि त्यांत आपली साबूदाण्याची खिचडीही आहे. जेवणाऱ्यांच्या गर्दीत कोणी उपवासाचा पदार्थ म्हणून ती खात नाही. ती आता इंदुरीच झाली आहे. मोहरा मोजणाऱ्यांच्या ओट्यावर रात्री खुर्द्याचा व्यवहार होतो, हे आम्हांला शोभून दिसते. स्वारीच्या तळावरही दिवे लागल्यानंतर असेच चित्र दिसत असले पाहिजे: दिवसभर चाललेली माणसे, पेटलेल्या चुली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघणाऱ्यांसाठी रात्री जागणारे कोणीतरी.

शेवटी वाचकांस एक विनंती. जुन्या घरांच्या वाटण्या होत आहेत, वाडे पाडून सदनिका उभ्या राहत आहेत, आणि माळ्यावरची लाकडी पेटी रद्दीत जात आहे. भिंतीवरची तलवार सर्वजण जपतात. पेटीतली बाडे मात्र मोडी वाचता येत नाही म्हणून निरुपयोगी ठरतात. त्यांत बहुधा पराक्रमाचे काही सापडणार नाही. रोजकीर्द सापडेल, खतावणी सापडेल, हुंडीची नक्कल सापडेल. अमुक मुक्कामी तेल किती लागले, बैलांना पेंड किती घातली, नालबंदाला काय दिले, आजारी माणसास गाडीभाडे किती पडले, असे क्षुल्लक तपशील सापडतील. ते क्षुल्लक नाहीत. मोडी वाचणारी जी थोडी माणसे अजून आपल्यात आहेत, त्यांना ती पाने दाखवावीत. निदान त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असलेली पूर्वजांची कामे, केवळ नावे नव्हेत, लिहून घ्यावीत.

भेलशाला उघडलेल्या त्या पत्रात खुर्द्याची बेरीज राहून गेली होती. सगळी बेरीज आता कोणालाच करता येणार नाही. पण तिच्यातली काही पाने आपल्याच घरांत आहेत, आणि ती मांडण्याचे काम दुसरे कोणी करणार नाही.